बॅरोज, या टोकापासून त्या टोकापर्यंत

हार्टवेल क्रॉसिंग, व्हरमाँट
४ सप्टेंबर २०२४

प्रिय रॉइस,

तुझे पत्र पोहोचले. अधिक अचूक सांगायचे तर आपले आडनाव पोहोचले, आणि त्याच्या पायथ्याशी जी थोडी मोकळी जागा उरली होती तीत तुझे पत्रही होते. कागदाच्या माथ्यावर 'बॅरोज' हा शब्द अशा विराट अक्षरांत छापलेला आहे, की टपाल आणणाऱ्या बाईने पाकीट नुसते उजेडाला धरून "भावाचं दिसतंय" असा निष्कर्ष काढला. सहा वर्षांच्या मौनानंतर बंधूचे पत्र यावे आणि त्यातील मजकुराने स्वतःच्याच शीर्षकासमोर असे अंग चोरून उभे राहावे, हे दृश्य पाहून मी विषण्ण झालो.

मजकुराचा गोषवारा मी पुढीलप्रमाणे समजलो. आयडाहोतील तुझ्या पिस्तूल-कारखान्यास तेवीस नोव्हेंबर रोजी वीस वर्षे पूर्ण होत आहेत. प्रवेशद्वाराशी काचेची पेटी उभी राहत आहे. तीत तुझे पहिले पिस्तूल, अनुक्रमांक एक, ठेवायचे आहे. तेच, जे तू बाबांना भेट दिलेस आणि जे त्यांच्या पश्चात माझ्या कपाटात राहिले. "परवानाधारक दुकानदारामार्फत रीतसर पाठव. बाकी काही बोलायचं नाही."

तुला बोलायचे नाही. मला आहे.

वस्तूवर निर्मात्याचे नाव असावे याला माझी हरकत नाही. कायद्यालाही ते हवेच असते. परंतु नाव म्हणजे साक्षीदाराची सही. वस्तू बिघडली तर कोणाच्या दारात जाऊन भांडायचे एवढे तिने सांगावे आणि गप्प बसावे. बाबांनी या खोऱ्यातील कारखान्यात एकेचाळीस वर्षे पोलादी ठसे कोरले. जवाच्या दाण्याहून ठेंगणी अक्षरे, तीही उलटी, म्हणजे पिस्तुलावर उमटताना सुलटी व्हावीत. ती वाचायला माणसाला पिस्तूल हातात घ्यावे लागे, प्रकाशाकडे कलते करावे लागे, क्षणभर श्वास रोखावा लागे. त्या क्षणाला सभ्यता म्हणत.

याउलट तुझे चालू वर्षाचे पिस्तूल मी दुकानात पाहिले. त्यावर आपले आडनाव सात ठिकाणी आहे. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या पोलादी भागाच्या, डाव्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, उजव्या अंगावर पुन्हा, मुठीच्या दोन्ही बाजूंस, नळीवर, काडतुसांच्या मॅगझीनच्या बुडाशी, आणि सातवे एका स्क्रूच्या माथ्यावर. हे शस्त्र विकत घेणारा गृहस्थ स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असावा आणि दर दोन इंचांवर त्याला धीर द्यावा लागत असावा, असा माझा ग्रह झाला.

बाबा हयात असते तर त्यांनी काय म्हटले असते, हे मला अनुमानाने सांगावे लागत नाही. दर रविवारी मी त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवीत असे, हे तू जाणतोस. "तुझ्या वाचनात एक भारदस्तपणा आहे," असे त्यांनी आपण होऊन सांगितले आणि तो प्रघात पाडला. पंधरा वर्षे पिता-पुत्रांनी असा एकमेकांचा सहवास अनुभवला. त्यांचे मन मला ठाऊक आहे.

पिस्तूल तूर्त पाठवता येत नाही. कारणे तांत्रिक स्वरूपाची आहेत.

तुझा बंधू
ऑल्डन

(सही लहान आहे. भिंग वापर.)


१९ सप्टेंबर २०२४

प्रिय रॉइस,

"कसली तांत्रिक कारणं?" हे तुझे संपूर्ण उत्तर. त्यावर आडनाव मात्र पूर्वीइतकेच उत्तुंग. हत्तीवरून एक मुंगी उतरावी तसा तो प्रश्न कागदावरून खाली उतरला.

कारणांकडे येतोच. आधी गेल्या शनिवारचा वृत्तांत ऐक. काउंटीच्या मैदानावर बंदूक-मेळा होता. मी माझ्या नेहमीच्या जागी, म्हणजे सुक्या मांसाच्या पट्ट्या विकणाऱ्याच्या आणि जुन्या लष्करी पट्ट्यांच्या मधोमध, कोरणी, भिंग आणि माझे अमोघ ज्ञान मांडून बसलो होतो. तेथे वेंडेल कूम्स आला. दूध-संघाची गाडी हाकणारा, तुझ्या वर्गातला, ज्याने शाळेत असताना गोंद खाल्ला होता तोच. त्याने कमरेचे पिस्तूल काढले, रिकामे केले, रिकामे केल्याचे मला दाखवले आणि टेबलावर ठेवले. तुझे होते.

"ऑल्डन, हे काढून दे बाबा," तो म्हणाला.

"काय काढू?"

"हे नाव! कमरेला पिस्तूल लावलंय की दुधाचा टँकर, तेच कळत नाही. परवा चर्चमध्ये कोट वर गेला तर मागच्या बाकावरची म्हातारी मोठ्यानं वाचायला लागली."

"नेम कसा आहे त्याचा?"

"नेमाला तोड नाही. मी विकणार थोडाच आहे! नुसतं तोंड बंद कर त्याचं." मग त्याने मान खाजवली. "तुमचंच आडनाव पुसायला तुलाच सांगतोय. राग नाही ना?"

"वेंडेल," मी म्हणालो, "तू एकेचाळिसावा आहेस."

होय, रॉइस. ही वार्ता तुला अन्य मार्गाने कळण्याऐवजी माझ्याकडून कळावी. आजवर एकेचाळीस माणसे तुझी पिस्तुले घेऊन माझ्याकडे आली आणि त्यांच्या स्लाइडवरील नाव मी दगडाने घासून, सपाट करून, पुन्हा निळी झळाळी देऊन काढून टाकले. सांगाड्यावरील अनुक्रमांक आणि कायद्याने सक्तीचा बारीक मजकूर यांना मी हात लावत नाही. मी गुन्हेगार नाही, केवळ अभिरुचिसंपन्न आहे.

निःपक्षपातीपणासाठी हेही नमूद करतो, की डॉट कोश्चुक माझ्या मताची नाही. डॉट, म्हणजे कारखान्याच्या पॉलिश-खात्यात बाबांच्या शेजारी तीस वर्षे उभी राहिलेली, आता एक्क्याऐंशीची, दर शनिवारी मला बटाट्याचे सारण भरलेले पोलिश पिरोगी आणून देणारी आणि ते खाऊन होईपर्यंत समोर बसून माझे दोष सांगणारी. ती मेळ्यात माझ्यामागे खुर्ची टाकून बसली होती. "माझ्याकडे रॉइसचंच आहे," ती वेंडेलला म्हणाली. "अक्षरं मोठी आहेत म्हणून चष्म्याशिवाय दिसतात. तुझ्या त्या नाजूक नक्षीचं काय करू मी? चोर आला तर त्याला थांबवून भिंग शोधू?"

लोक हसले. मी हसलो नाही. अभिरुचीचा प्रश्न दृष्टीच्या पातळीवर आणणे मला गैर वाटते.

पिस्तुलाचे म्हणशील तर ते सुस्थितीत, तेल लावून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवले आहे.

ऑल्डन


५ ऑक्टोबर २०२४

रॉइस,

या वेळी तू चार ओळी लिहिल्यास, प्रगती आहे. पैकी तीन शिव्या होत्या, त्या मी पोच म्हणून स्वीकारतो. चौथी अशी: "बाबांना ते नाव आवडत नव्हतं, हे तुला त्यांनी कधी सांगितलं?"

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचा तुला विसर पडला असावा. मला नाही. वर्ष २००४. टर्की जरा कोरडी झाली होती, क्रॅनबेरीचा सॉस डॉटने आणला होता. तू आयडाहोहून आलास आणि मिष्टान्नाची वाट न पाहता अनुक्रमांक एक बाबांच्या ताटाशेजारी ठेवलेस. निळ्या पोलादावर 'बॅरोज', पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, अर्ध्या इंचाची अक्षरे. मी म्हणालो, "गोठ्याच्या छपरावर रंगवायची जाहिरात चुकून पिस्तुलावर आली वाटतं." वाक्य चांगले होते. डॉटदेखील हसली.

तू लालबुंद झालास. "बाबा, सांगा ना याला!" असे ओरडलास.

बाबा म्हणाले, "बटाटे दे इकडे, रॉइस."

बटाटे त्यांनी खाल्ले नाहीत. "लाकडं आणतो" म्हणून उठले, अंगणात गेले, पाऊण तास बाहेर राहिले आणि रिकाम्या हातांनी परत आले. यापेक्षा स्पष्ट अभिप्राय कोणता हवा? ते सुसंस्कृत गृहस्थ होते. पोटच्या पोराला 'हे ओंगळ आहे' असे म्हणणे त्यांना जड गेले, म्हणून ते थंडीत जाऊन उभे राहिले. तुझी लाज झाकण्यासाठी बिचाऱ्यांनी आपले कान गोठवून घेतले.

आता तूच विचार कर, हा माणूस कोण होता. ज्याने उभ्या आयुष्यात एकाही ठशावर सही केली नाही. ठसा कोरणाऱ्याने सही करायची नसते. तो दुसऱ्यांची नावे लिहितो. एकच चैन त्यांनी स्वतःला दिली होती, ती आपल्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती: इंग्रजी 'आर' या अक्षराचा तिरपा पाय ते केसभर आखूड ठेवत. मेळ्यात कोणाचेही जुने पिस्तूल उचलायचे, उजेडाकडे कलते करायचे, त्या आखूड पायाकडे पाहून किंचित हसायचे आणि ठेवून द्यायचे. "माझा आहे," एवढेच आपल्या कानात. आठवते? आपण दोघे त्यांच्या कोटाला लोंबकळत असू.

अशा माणसाच्या मुलाने भोंगा वाजवावा! आणि दफनविधीलासुद्धा तू ते जाकीट घालून आलास, पाठीवर आडनाव, खांद्यापासून खांद्यापर्यंत. शवपेटीच्या मागून चालताना मी सबंध टेकडीभर तेच वाचत होतो. त्यानंतर आपल्यात जे बोलणे झाले ते शेवटचे ठरले, आणि मी त्याची क्षमा मागणार नाही.

ऑल्डन


१३ ऑक्टोबर २०२४

रॉइस,

तू फोन केलास. मी उचलला नाही. निरोप घेणाऱ्या यंत्रावर तुझा आवाज होता: "ऑल्डन, खरं सांग. ते पिस्तूल आहे ना? विकलंस का?"

विकले नाही. इतका नीच तू मला समजावेस, याचा संताप आल्यामुळे मी आता सत्य लिहितो. अन्यथा आणखी दोन पत्रे सहज निभली असती.

बाबांना पुरल्यानंतरच्या एप्रिलमध्ये मी अनुक्रमांक एक बाहेर काढले. स्लाइड उतरवली, चिमट्यात धरली आणि नाव घासून काढले. एका दुपारचे काम. त्या वेळी मला वाटले, की ही माझी पितृसेवा आहे. चौदा वर्षे त्यांच्या खणात ती जाहिरात पडून होती, आता निदान ती शांत होईल. स्लाइड सपाट केली, आरशासारखी केली, निळी केली. आजवरच्या माझ्या कामांतले ते सर्वोत्तम काम आहे. त्यावर काहीही लिहिलेले नाही.

तुझ्या काचेच्या पेटीत ठेवायला माझ्याकडे एक कोरे पिस्तूल आहे. ही ती तांत्रिक कारणे.

आणखी एक कबुली तुझ्या पदरात घालतो, कारण ती तुझ्याच बाजूची आहे. दगड चालवताना ते पोलाद मऊ लागले. पहिल्याच पिस्तुलाच्या स्लाइडवर तू पोलाद कडक करणारा उष्णतेचा संस्कार करायला विसरलास, असे मनाशी म्हणालो आणि मला फार आनंद झाला. इतका आनंद, की वडिलांच्या मरणानंतरच्या पहिल्या वसंतात माणसाला तो शोभत नाही.

एवढे झाल्यावरही माझे मत कायम आहे. अक्षरे अतिशय मोठी होती.

ऑल्डन


२० ऑक्टोबर २०२४

रॉइस,

तू काही लिहिले नाहीस. तुझा अधिकार आहे. पण हे वाच.

काल शनिवार. डॉट पिरोगी घेऊन आली. मी तिला सांगितले, की रॉइसला सगळे कळवले आहे.

"काय कळवलंस?"

"अनुक्रमांक एकवरचं नाव मी घासलं, ते."

तिचा काटा ताटात पडला. एखादे लहान मूल रस्त्यावर धावत सुटलेले पाहावे, तशी ती माझ्याकडे पाहत राहिली.

"ऑल्डी," ती म्हणाली, "काय केलंस रे हे!"

"का? तूच तर त्या जेवणाच्या वेळी हसली होतीस."

"तेव्हा मला माहीत नव्हतं, गाढवा! मला तुझ्या बापानं, हार्लननं, मरायच्या आदल्या वर्षी सांगितलं."

जेवण अर्धे टाकून ती घरी गेली. परतली तेव्हा तिच्या काखेत लोण्याच्या बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा होता. "माझ्या खणात ठेवला तर ऑल्डनला सापडेल, म्हणाला. त्याला माझ्या खणांतलं सगळं सापडतं, म्हणाला. मी म्हटलं, सापडू दे की! तर म्हणे, नको, तो व्याख्यान देईल."

डब्यात तेलकट चिंध्या, आणि चिंध्यांत ठसा. पोलादाचा रूळ, मुठीएवढा. त्यावर उलटी, उठावाची, अर्ध्या इंचाची सात इंग्रजी अक्षरे.

मी भिंग लावले. सवय. पहिला 'आर', पाय आखूड. दुसरा 'आर', पाय आखूड.

रॉइस, मी ती स्लाइड घासण्यापूर्वी त्या अक्षरांकडे पाहिलेसुद्धा नव्हते. हे तुला समजावे म्हणून लिहितो, सबब म्हणून नव्हे. चाळीस वर्षे मी अक्षर म्हटले की भिंग उचलतो. जे अक्षर रस्त्यापलीकडून वाचता येते, त्याला भिंग कोण लावील? ते वाचून होते. पाहून होत नाही.

मग मला तुझा कागद आठवला. सप्टेंबरातले पहिले पत्र आणून टेबलावर ठेवले. माथ्यावर, करंगळीएवढे उंच, दोन 'आर'. पाय आखूड. त्याला भिंगाची गरजच नव्हती. मी त्या कागदावर अडीचशे शब्दांची विनोदबुद्धी उधळली होती. वेंडेलची स्लाइड कोरी होऊन तेलात पडलेली आहे, शेजारच्या नळीवरचे नाव मात्र शाबूत आहे; त्याकडे वळून पाहण्याचे धाडस मला होईना, म्हणून डॉटला पाहायला सांगितले.

"लेसरनं केलंय, पण तसंच आहे," ती म्हणाली. "रॉइसनं बापाच्या ठशाचीच नक्कल उचललीय. वीस वर्षं."

म्हणजे एकेचाळीस. बेचाळीस, अनुक्रमांक एक धरून. वेंडेलचे तर मी परवाच संपवले.

"पण डॉट," मी विचारले, "एवढं मोठं का? तो माणूस! ज्यानं आयुष्यभर..."

"एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं उलटी लिहिली त्यानं," डॉट म्हणाली. "कुणी म्हणालं का कधी, की हार्लन, आता तुझं लिही? पोरगं म्हणालं. मग काय, माणूस मुंगीएवढं लिहील?"

माझ्याजवळ उत्तर नाही ही घटना डॉटने पंचांगात नोंदवून ठेवण्यासारखी आहे, असे तीच म्हणाली, आणि उरलेले पिरोगी फ्रिजमध्ये ठेवून गेली.

ऑल्डन


२ नोव्हेंबर २०२४

प्रिय रॉइस,

तुझे पत्र आले. हाताने लिहिलेले, दोन पाने. आणि कागदाचा माथा कोरा.

पाकीट फोडताच मी प्रथम तेच शोधले. नव्हते. माझ्या टोमण्यांमुळे तू साधा कागद घेतलास, हे उघड आहे. दोन महिन्यांपूर्वी मी याला विजय म्हटले असते. आज मी ते पान उलटे करून मागल्या बाजूलासुद्धा पाहिले.

तू लिहितोस, की डॉटचे म्हणणे खोटे नाही, पण पुरे नाही. तुला लहान अक्षरे हवी होती. जवाच्या दाण्याएवढी, त्यांच्या जुन्या कामासारखी. बाबांनी तीनदा प्रयत्न केला आणि तीन ठसे भंगारात टाकले. मग तुला मोरीपाशी उभे करून म्हणाले, "मधलं दिसत नाही मला. कडेकडेचं दिसतं. मोठं चालेल का तुला?" आणि तू म्हणालास, चालेल. आणि ते म्हणाले, "ऑल्डनला सांगू नको." मी ओहायोत कोरीवकामगारांच्या संमेलनात सूक्ष्माक्षरांवर भाषण देत होतो त्या आठवड्यात तुम्ही दोघांनी शेडमधल्या ठसे दाबायच्या प्रेसवर ते नाव उमटवले. पोलाद मऊ ठेवावे लागले, कारण ठसा एकच होता आणि तो तुटला असता तर दुसरा कोरायला डोळे नव्हते. म्हणजे उष्णतेचा संस्कार तू विसरला नव्हतास. हेही मी चुकलो.

अखेरच्या तीन वर्षांत त्यांना दिसत नसे, हे मला ठाऊक होते. ते ठसा कोरला त्या वर्षीच सुरू झाले होते, हे नव्हते. आणि मी त्या वर्षाचा हिशेब लावत बसलो, तर मला एक रविवार सापडला. जानेवारी २००४. त्यांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "तू वाच ऑल्डन. तुझ्या वाचनात एक भारदस्तपणा आहे."

मी वाचले. उभा राहून वाचले, रॉइस. हातवारे करून.

तुला मी कोणत्या तोंडाने रागवू? म्हणून मी आता बाबांवर रागावलो आहे. मनापासून रागावलो आहे. पंधरा वर्षे या माणसाने मला अग्रलेख वाचायला लावले, हवामान वाचायला लावले, शेजारच्या काउंटीतील मृतांची नावे वाचायला लावली, आणि एकदासुद्धा म्हणाला नाही, की पोरा, मला दिसत नाही. मी काय व्याख्यान दिले असते? दिले असते. दृष्टीवर, वार्धक्यावर, वैद्यांच्या कर्तव्यच्युतीवर, दीड तास. पण त्यानंतर मी त्यांच्यासाठी भिंग धरले असते. जवाएवढ्या अक्षरांवर धरले असते. त्या थँक्सगिव्हिंगला ते थंडीत पाऊण तास उभे राहिले, ते तुझी नव्हे, माझी लाज झाकण्यासाठी; आणि मी आत बसून दुसऱ्यांदा टर्की वाढून घेत होतो.

असो. आता व्यवहाराचे.

प्रेस शेडमध्ये आहे. परवा गंज काढला, तेल दिले, कागदाच्या पुठ्ठ्यावर चालवून पाहिला, चालतो. ठसा शाबूत आहे, धार जशीच्या तशी. स्लाइडचे पोलाद मऊच आहे, आणि मी घासली असली तरी जाडी पुरेशी आहे, मोजली. नाव पुन्हा उमटेल. पूर्वीपेक्षा कागदाच्या जाडीइतके खोल बसेल. एखाद्या जाणत्याने तुझ्या काचेशी नाक लावले तर त्याला कळेल, की हे दुसऱ्यांदा उमटवलेले आहे. कळू दे. शेजारी एक चिठ्ठी लाव आणि कोणी केले ते लिही. माझे नाव लहान अक्षरांत लिहिलेस तर मी तक्रार करणार नाही, मोठ्या अक्षरांत लिहिलेस तरी करणार नाही.

पण त्या प्रेसला दोन माणसे लागतात, हे तुला सांगायला नको. एकाने दाब धरायचा आणि रेघ पाहायची, दुसऱ्याने दांडा एका दमात ओढायचा. मध्ये थांबले की अक्षर दुहेरी उमटते आणि सगळे वाया. डॉट "मी ओढते" म्हणाली. तिच्या खांद्याने गेल्या वर्षीच राजीनामा दिला आहे. वेंडेलने स्वतःहून विचारले, कारण त्याची स्लाइड मी त्याला परत देताना सारे सांगावे लागले. तो म्हणाला, "मग माझंपण परत लावता येईल का?" त्याच्या पोलादाला ते झेपणार नाही, तसे सांगितले. तुझ्या लेसरने होईल का, ते तू पाहा. उरलेल्या चाळीस जणांनाही मी पत्रे टाकली आहेत. अकरा जणांनी होकार कळवला. एकाने "नको, असंच बरं दिसतं" असे उत्तर दिले, आणि त्याचे मत मला, दुर्दैवाने, अजूनही पटते.

कारण ती अक्षरे मोठीच आहेत, रॉइस. माझे मत बदललेले नाही. पिस्तुलाच्या अंगाला ती शोभत नाहीत, त्याची रेषा मोडतात, आणि जगातील इतर एकाही कारखानदाराला ती माफ करता कामा नये. त्याला निदान दिसत असते.

तू लहान होतास तेव्हा दांडा नेहमी मीच ओढत असे. तू रडायचास आणि बाबा म्हणायचे, "तू रेघ बघ, रेघ महत्त्वाची." या खेपेस रेघ मी बघेन. माझे डोळे अजून ठीक आहेत. सोमवारी तपासून घेतले.

दहा तारखेच्या आत ये. बर्फ पडायला लागले की टेकडीचा रस्ता बंद होतो. थँक्सगिव्हिंगची टर्की अजून लांब आहे, पण बटाटे करतो. ते जाकीट घालून ये. गावात शिरलास की वरच्या खिडकीतून मला वाचता आले पाहिजे.

तुझा
ऑल्डन